लांब ते मिश्र

सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजातून पदवी घेऊन विजयमाला आटपाडीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आली, ते साल त्र्याहत्तर. नानासो सरांनी पहिल्याच दिवशी तिला ऐकवलं, "सांगलीचं पानी हितं टिकत न्हाई, बाई." अकरावीचं, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचं, इंग्रजी वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच होतं, आणि गावात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सर लग्नाला कऱ्हाडला गेले, तेव्हा त्यांचा तास तिच्याकडं आला. वाक्यांचे प्रकार चालले होते.

"मिश्र वाक्य कसं ओळखायचं?"

"लांब असतं ते मिश्र," वर्ग एका सुरात म्हणाला. सरांनीच तसं शिकवलं होतं.

तिनं फळ्यावर लिहिलं, 'ही सेज दॅट ही नोज.' तो म्हणतो, की आपल्याला कळतं. "केवढंसं आहे, पण मिश्रच. 'ही सेज' मुख्य, बाकीचं त्याच्या आधारानं उभं. दोन स्वतंत्र वाक्यं 'अँड'नं जोडली, तर ते संयुक्त, मग फळाभर लांब का असेना."

फळा पुसायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सर तो वाचूनच शिक्षकांच्या खोलीत आले.

"ह्यो 'ही' कोन?"

"सर्वनाम आहे, सर."

कुणीतरी फिसकन हसलं. वाक्य सुचताना तिच्या डोळ्यांपुढं सरच होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत तिला पाचवीखेरीज वर्ग मिळाला नाही. बोर्डाच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि सरांचं ऐकणाऱ्या पोरांचा चुकला. निकालाच्या दिवशी सर चौकात म्हणाले, "बाईनं एका तासात घोळ घातला."

नापास पोराचे वडील भाऊसो तिच्या दारात आले. "आमच्या पोराचं वरीस घालवलंसा तुमी."

"मी बरोबर तेच शिकवलं होतं."

"मग सर खोटं बोलत्यात व्हय?"

"हो."

भाऊसो उंबऱ्याशीच थुंकून गेले.

सांगलीला दुसरी नोकरी बघ, असं नवऱ्यानं चारदा सुचवलं. "मी गेले तर सरांचंच खरं होईल," ती म्हणाली. ती राहिली. सरांशी मात्र पुन्हा बोलली नाही.

एकोणऐंशीत सर निवृत्त झाले. हेडमास्तर म्हणाले, "निरोप समारंभात दोन शब्द बोला." तिनं सरळ नाही म्हटलं. वर्षभरात सर गेले, तेव्हा अख्खी शाळा मयताला गेली. विजयमालानं त्या दुपारी दहावीचा तास घेतला. गावानं नावं ठेवली, ती तिनं ऐकून घेतली.