मोराच्या मानेवरचं भोक

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांसमोर आधी मोर येतो आणि मग संशयित. खुनाचे, दरोड्यांचे तपास मी केले. त्यांतले निम्मे आता तारखांसकट विसरलो. हा मोर मात्र पिसारा मिटायला तयार नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. मोराला तर नाव नव्हतंच.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मी सोलापुरात फौजदार होतो. सकाळची हजेरी संपवून स्टेशन डायरी उघडली, तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ छातीशी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी धरून आत आले. धरलं होतं अगदी तान्ह्या बाळासारखं. माझा हवालदार जवळच्या कुंभारी गावचा. मनातलं तोंडात यायला त्याला फार वेळ लागत नसे.

"कुटं सापडलं?" त्यानं विचारलं.

"सापडलं नाही, हरवलंय," गृहस्थ म्हणाले. "आणि आधी हात धुऊन या. दोघंही."

ठाण्यात येऊन फौजदाराला हात धुवायला लावणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आम्ही धुतले.

गृहस्थ एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांना एकच वेड. चित्रकार आणि चित्रकला यांवरची जुनी पुस्तकं जमवायची, आणि तीही पहिल्या आवृत्तीचीच. कोट एकच, चप्पल तीनदा शिवलेली, पण घरी दोन कपाटं भरून पुस्तकं. फडक्यातून निघालं ते दरबारी चित्रकारांनी काढलेल्या पक्ष्यांवरचं एक भलंमोठं इंग्रजी पुस्तक. पुण्यात कुणा साहेबानं देश सोडताना घरातलं सामान विकलं, त्यात सरांना हे मिळालं होतं. आत चौदा रंगीत चित्रं, प्रत्येक स्वतंत्र जाड पानावर.

"आता तेराच आहेत," सर म्हणाले. "मोर नाही."

"सर, तेरा हायेत की," हवालदार समजुतीनं म्हणाला. "एकानं काय बिगडतंय?"

"तुमच्या तोंडात बत्तीस दात आहेत. समोरचा एक काढला तर काय बिघडेल?"

हवालदारानं तोंड मिटलं. मग मी तोंड उघडलं. "आम्ही दुसऱ्या आवृत्तीतलं चित्र मिळवून दिलं तर?"

सर खुर्चीत बसले. मला वाटलं, पाणी मागवावं लागणार. पण त्यांनी मला वर्गातल्या ढ मुलाला समजवावं तसं समजावलं. पहिल्या आवृत्तीच्या वेळी छपाईचे ठसे नवे असतात. मोराच्या पिसातली प्रत्येक रेघ उमटते, निळा रंग खरा निळा असतो. पुढे ठसे झिजतात, रेघा एकमेकींत मिसळतात. "दुसऱ्या आवृत्तीत मोर नसतो साहेब, मोराचा डाग असतो."

हे ऐकल्यावर मी अर्ज सरळ अक्षरात लिहून घ्यायला बसलो. चोरीस गेलेल्या वस्तूची ओळखीची खूण? सरांनी क्षणाचाही विचार केला नाही. "मानेच्या उजव्या बाजूला कागद खाणाऱ्या कसरीनं पाडलेलं भोक. मोहरीएवढं."

संशय कुणावर? तोही तयार होता. दोन महिन्यांपूर्वी पुस्तकाची शिवण उसवली म्हणून सरांनी ते भवानी पेठेतल्या एका बाइंडरकडे दिलं होतं. परत मिळालं त्याच दिवशी त्यांना पुण्याला मुलीकडे जायचं होतं. गाडीची घाई. आयुष्यात एकदाच त्यांनी चित्रं न मोजता पुस्तक कपाटात ठेवलं. काल परतले, मोजली, आणि रात्री जेवले नाहीत. मोराच्या जागी शिवणीतून बोटभर रुंदीची एक पट्टी तेवढी वर आली होती.

"हे बघा. ब्लेडनं कापलंय."

मीही पट्टी पाहून मान डोलावली. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. पेठेत भजी तळणारा एक जण आमच्या उपयोगाचा होता. तो म्हणाला, "मागं एकदा बाइंडरच्या दुकानातनं एक माणूस दोन पुठ्ठ्यांच्या मदी कायतरी घालून घेऊन गेला. कोण ते न्हाय बघितलं. पर बाइंडर रस्त्यापत्तुर आला आन् हिकडं तिकडं बघत हुता."

मी एका शिपायाला पाठवून बाइंडरला ठाण्यात आणवलं. भर बाजारातून, गिऱ्हाइकांच्या देखत. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

बाइंडर साठीचा, शांत माणूस. सगळी पेठ त्याला चाचा म्हणायची. आजोबांपासूनचं दुकान. कचेऱ्यांची दफ्तरं, शाळांची हजेरीपत्रकं, लोकांच्या पोथ्या, कुराणं, सगळं त्याच्याकडे यायचं. बाइंडरच्या धंद्यात माणसं आपली पानं सुटी करून दुसऱ्याच्या हाती देतात. तो पानं कापतो अशी नुसती कुजबुज झाली की दुकान बंद. हे मला कळत होतं. चाचाला तर माझ्याआधी कळलं होतं. बाकावर बसताना त्यानं आधी दाराकडे पाहिलं, बाहेर कोण कोण उभं आहे ते.

मी चौकशीत हात उचलणारा नव्हतो. सद्गुण म्हणून नव्हे. माझा अनुभव असा की मार खाल्लेला माणूस जे बोलतो ते आपल्याला हवं असतं, खरं असतंच असं नाही. मी एक जुनं, उसवलेलं रजिस्टर त्याच्या पुढ्यात टाकलं, सुईदोरा मागवला आणि म्हटलं, "चाचा, बसलाच आहात तर हे शिवा. मी विचारतो, तुम्ही सांगा."

तो खुशीत आला. पानं ठोकून सारखी केली, दोऱ्याला मेण मागितलं, मेणबत्तीवर भागवलं. मी विचारत गेलो. पुस्तक कधी आलं, कधी दिलं, मजुरी काय. सुई वर, सुई खाली, एका लयीत उत्तरं.

"चित्रं किती होती?"

"चौदा." सुई वर.

"परत दिली किती?"

सुई थांबली.

"तेरा. एक मेरे हाथ से गुम हुआ, साब. लिखो. मेरी गलती."

"हरवलं?"

"हौ."

"दुकानातून पुठ्ठ्यात घालून काय गेलं? कुणी नेलं?"

सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब रजिस्टरवर पडू नये म्हणून त्यानं पटकन हात बाजूला घेतला आणि म्हणाला, "कोई नहीं साब. मैं बोल्या ना, गुम हुआ. कायकू दूसरेकू बीच में लाते?"

चोर सहसा दुसऱ्याचं नाव घ्यायला उतावीळ असतो. हा माणूस दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी स्वतः आत जायला निघाला होता. मी जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळे मार्ग वापरून पाहिले, दरडावणी, चहा, पुन्हा दरडावणी. चाचानं रजिस्टर पूर्ण शिवून दिलं, फार सुंदर शिवलं, पण नाव दिलं नाही.

दुपारी हवालदार काखेत एक पुडकं घेऊन आला, मेहुण्याच्या लग्नात द्यायला घेतलेली नवी चादर. चार कोपऱ्यांत चार मोर.

"बघा की साहेब! लई भारी दिसली म्हून घेतली, आन् मोराच्या मानंला भोक! फसवलं की त्यानं."

मी चादर उजेडात धरली, बोट घालून पाहिलं. बोट पलीकडे जाईना. भोक नव्हतंच. निळ्या मानेत रुपयाएवढा एक पांढरा ठिपका होता, आणि तो फाटलेला नव्हता, विणलेला होता. चारही मोरांना, बरोबर मानेवर.

आमच्या ठाण्यात मी कधी नाचलो नाही. त्या दिवशी दोन पावलं टाकली असावीत.

"भोक विणलंय रे!" मी ओरडलो. "कसरीनं पाडलेलं भोक या शहाण्यांनी विणलंय!"

हवालदार चाचाकडे वळला आणि हळूच म्हणाला, "साहेबांना ऊन लागलं जणू."

चाचा मात्र हसला नाही. त्यानं चादरीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

साध्या कपड्यांत मी ती चादर विणणाऱ्या कारखान्यावर गेलो. चुलतीच्या लग्नासाठी वेगळी नक्षी करून हवी म्हणालो. चुलतीचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती, पण तिनं कधी तक्रार केली नाही. मालकानं नक्षी काढणाऱ्या कारागिराला बोलावलं. तेलुगू घरातला, चष्म्याच्या काचा जाड, बोटांना रंग. त्याला मी चहाला बाहेर काढलं आणि मी कोण ते सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "चाचाला धरलं? चाचाला कशाला, साहेब? मी नेलं. त्यानं दोन दिवसांसाठी दिलं."

हकीगत अशी. दोघं शेजारी. चाचाकडे पुस्तक उसवलेलं पडलं असताना यानं मोर पाहिला आणि खुळावला. नव्या नक्षीसाठी मालक रोज त्याच्या डोक्यावर बसत होता. चाचानं नियम मोडून पान दिलं. पण त्यांच्या कामाची रीत अशी की ग्राफपेपरवर चौकोन भरायचे, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या मागावर चढवायच्या, आणि पहिला माल पास होईपर्यंत मूळ नक्षी हातची सोडायची नाही. एखादी पट्टी फाटली तर पुन्हा कशावरून करणार? दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि मध्येच गाडीच्या घाईत सर पुस्तक घेऊन गेले.

"आणि ते भोक?" मी विचारलं.

"गुरूनं शिकवलं, कागदावर दिसेल ते भरायचं. आपली अक्कल घालायची नाही. पांढरं दिसलं, पांढरं भरलं." तो कसंबसं हसला. "मालकाला लई आवडलं. गिऱ्हाइकाला सांगतो, मोराच्या गळ्यात मोती हाय."

त्याची भीती वेगळीच होती. मालकाला त्यानं सांगितलं होतं की नक्षी स्वतःच्या डोक्यातली. पोलीस दारात आले असते तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. चाचा सकाळपासून तेवढंच वाचवत बसला होता. पान त्यानं घरून आणलं आणि तो माझ्याबरोबर ठाण्यात आला. दोन काचांच्या मध्ये ठेवलं होतं, चारही कडा शाबूत.

संध्याकाळी ठाण्यात मी थोडं नाटक केलं. टेबलावर चादर पसरली, सरांना बोलावलं आणि म्हटलं, "ओळख पटवा."

सर वाकले. ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे तर..." मग त्यांचा आवाज चढला. "माझ्या पुस्तकातली कसर यांनी घराघरांत पोचवली?"

तेव्हा मी काचांमधलं पान पुढे केलं. सरांनी आधी मानेवरचं भोक पाहिलं. मग त्यांनी पुस्तक उघडलं, ती वर आलेली पट्टी दोन बोटांत धरली, पानाशेजारी लावली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"साहेब, या पट्टीचा कागद नवा आहे. माझ्या पानाचा नाही."

"साब, पान चिपकाने के वास्ते छोड्या," चाचा खालच्या आवाजात म्हणाला. "परत आलं की लगेच लावता यावं म्हणून."

पान कापून नेणारा कधी त्या पानासाठी जागा शिवून ठेवत नाही. आदल्या दिवसापासून ती पट्टी माझ्या डोक्यात होती आणि मी तिला पुरावा म्हणत होतो, तोही उलटा.

सगळी हकीगत ऐकल्यावर सरांनी चाचाला रागावून घेतलं, आणि ते बरोबरच होतं. विचारल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू द्यायची नाही, दोन दिवसांसाठीही नाही. चाचानं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग सर कारागिराकडे वळले. आता याची पाळी, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"ही चादर पहिल्या खेपेतली का?"

"व्हय सर."

"मला एक पाहिजे. पहिल्याच खेपेतली."

हवालदारानं चादर झटकन घडी घालून काखेत मारली. "ही न्हाय हं सर. मेव्हण्याची हाय."

वस्तू मिळाली, अर्जदाराची तक्रार नाही. अर्ज निकाली. कागदावर तपास तिथं संपला. मालकाला आम्ही काही कळवलं नाही.

पण तीन दिवसांनी पेठेतून जाताना चाचाचं दुकान पाहिलं. तो एकटा बसला होता. हातात काम नव्हतं. शिपायानं नेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, सुटून आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझीच करणी, मीच निस्तरणार म्हणून दुसऱ्या दिवशी वर्दी घालून, ठाण्याच्या रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन मी तिथं जाऊन बसलो आणि शेजारच्या चार दुकानांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चाचा, सरकारी दफ्तर आहे! विश्वासानं देतोय!"

चाचानं हात जोडले. "साब, तुम्ही उठा. लोक समजते फिर चौकशी चालू हाय."

मी उठलो आणि समोरच्या भज्यांच्या गाडीआड उभा राहिलो. अर्ध्या तासानं सर आले, त्यांच्याही कानावर गेलं असावं. टांग्यातून. पुढ्यात दोन पेट्या. एकेक पुस्तक फडक्यातून काढून ते चाचाच्या मांडीवर ठेवत होते आणि ज्याला ऐकायचं नाही त्यालाही सांगत होते, "ही पहिली आवृत्ती! हीसुद्धा! घरी बायकोलासुद्धा हात लावू देत नाही मी! यांच्याच हातात देतो!" टांगेवाला थांबला, पानवाला उठून आला, गर्दी जमली.

एखाद्या माणसावर डाग टाकायला पोलिसाला एक सकाळ पुरते. तो पुसायला मात्र वर्दी चालत नाही. ज्यानं तक्रार केली त्यालाच यावं लागतं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी माणसाला ठाण्यात बोलवायच्या आधी स्वतः त्याच्या दारात जाऊन आलो, तेही साध्या कपड्यांत.

त्या दिवशी गर्दीतून एक शाळेचा शिपाई हजेरीपत्रकांचा गठ्ठा घेऊन पुढे आला. चाचानं त्याला थांबायची खूण केली, कारण सर म्हणत होते, "आधी हात धुऊन या."