मावशींची मागची खोली

काही बिनसलं की मावशी पदर कमरेला खोचायच्या, छपराकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं. आता पुढं काय, ते सांग."

नवखा माणूस हमखास गोंधळायचा. खोडाळ्याच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी त्यांच्या शेजारी खोली घेतली, त्याच आठवड्यात नळाचं पाणी गेलं. मावशींनी नेहमीसारखं विचारलं. मी बापडी म्हणाले, "मी काय सांगू मावशी?"

"तुम्हाला नाही हो बाई," त्या हसल्या. "वर विचारतेय. तुम्ही कळशी घ्या, विहिरीवर जाऊ."

त्यांचं देवाशी असं रोजचं बोलणं होतं. घर ख्रिस्ती, गावात तेवढं एकच. भिंतीवर लाकडी क्रूस, त्याच्याखाली काकांच्या जीपच्या किल्लीचा खिळा. काका, म्हणजे मावशींचे यजमान, जव्हारपर्यंत प्रवासी जीप चालवायचे. मूलबाळ नव्हतं.

पण घरात लहान बाळ नाही, असा दिवस मी क्वचितच पाहिला. मागच्या खोलीत डोंगरातल्या पाड्यांवरच्या बाया येऊन राहायच्या. दिवस भरत आले की यायच्या, गावातल्या दवाखान्यात बाळंत व्हायच्या, अंगात चालण्याचं बळ आलं की परत जायच्या. मावशी त्यांना नागलीची भाकरी घालायच्या, पाय चेपायच्या, आणि ऐकलं नाही तर खडसवायच्याही.

हे कसं सुरू झालं, ते त्यांनी मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. लग्नानंतर त्या पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहत. रस्ता नव्हता. कळा सुरू झाल्यावर चौघांनी बांबूला घोंगडी बांधून त्यांना डोलीतून खाली आणलं. बाळ वाटेतच गेलं. पुन्हा मूल होणार नाही, असंही दवाखान्यात कळलं.

"मी त्याच्याशी बोलणं सोडलं," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेला बसायचे, पण तोंड उघडायचे नाही."

"मग?"

"मग आम्ही इथं खाली राहायला आलो. एकदा बाजाराच्या दिवशी एक पोटुशी बाई दारात बसली. पाय सुजलेले, चालवेना. मी म्हटलं, हे बरंय. स्वतः येत नाही, बाईला पाठवतो." त्यांनी सुपातला खडा बाहेर टाकला. "तिला आत घेतलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं."

सगळ्यांनाच हे रुचत होतं असं नाही. एक सासू सुनेला घेऊन आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "हितं ठेवली तं आमचा देव सुटंल," ती म्हणाली.

"तुझा देव तुझ्याजवळ राहू दे," मावशी म्हणाल्या. "सून तेवढी माझ्याजवळ ठेव."

सासूही पहाऱ्याला राहिली. जेवणाआधी मावशींनी डोळे मिटले की ती त्यांच्याकडे टक लावून बघायची आणि कंटाळून म्हणायची, "निवते ना भाकर."

मावशी डोळे न उघडता म्हणायच्या, "थांब गं. आभार तरी मानू दे."

एका दुपारी त्या सुनेला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला. मावशींनी आणि मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. तिथून डॉक्टरांनी जव्हारला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली. काकांनी जीपमधले प्रवासी उतरवले आणि तिला घेऊन निघाले. घाटात मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या. सासू त्यांना म्हणाली, "मोठ्यानं बोल. ऐकाया आलं पायजे त्याला."

जव्हारला तिला मुलगी झाली; मायलेकी दोघी वाचल्या. ती सासू पुढे पाड्यापाड्यांवर सांगत फिरली, "सोडा तिथं सुनेला. काय करत नाय ती. नुसती डोळे मिटते."

त्यानंतर मागची खोली कधी रिकामी राहिली नाही. आणि मग काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हा तीन बाया राहायला होत्या. गावातले म्हणाले, आता पुरे, त्यांना परत पाठवा. मावशींनी छपराकडे एकदा बघितलं आणि त्या काकांजवळ जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या पायरीवर रडताना दिसल्या. मी जवळ गेले.

"बसा," त्या म्हणाल्या. "विश्वास आहे म्हणून रडू येत नाही, असं थोडंच आहे? रडून झालं की उठते."

आणि उठल्या. काकांची खाट मागच्या खोलीत नेली. आढ्याला झोळी बांधली आणि तिची दोरी काकांच्या डाव्या हातात दिली. रात्रंदिवस फिरतीवर असलेला तो माणूस आता परक्यांची बाळं झोके देऊन निजवू लागला. एकदा मी म्हणाले, "देवाने काकांना यासाठीच घरी बसवलं का हो?"

"तसं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "का बसवलं ते त्याला माहीत. पण तो फुकट काही घालवत नाही, एवढं मी पाहिलंय."

गेल्या वर्षी मावशी गेल्या. सकाळी चहा ठेवला, छातीत दुखतंय म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या, तेवढंच. दुपारपर्यंत अंगण भरलं. पाड्यांवरून बाया आल्या, कडेवर आणि बोटाला मुलं. पुरुषांनी माळावर खड्डा खणला. जव्हारहून पाळक आले, अंगणात आणलेल्या काकांच्या खाटेशेजारी बायबल उघडून उभे राहिले.

इतक्यात रस्त्यावरून एक अनोळखी मुलगी आली, नवऱ्याचा आधार घेत, दिवस भरलेली. तिला काही माहीत नव्हतं. गर्दी बघून तिने विचारलं, "मावशीचं घर हेच ना?"

सगळे तिच्याकडे वळले. पाळकही थांबले. तेव्हा खाटेवरून काकांचा आवाज आला, अडखळत, एकेक शब्द ओढत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"तिला... आत घ्या. चूल... पेटवा."

चार बाया एकदम उठल्या. एकीने तिचा हात धरला, एकीने पाणी आणलं, दोघी लाकडं घेऊन आत गेल्या. मागच्या खोलीतून धूर येऊ लागला, तेव्हा पाळकांनी वाचायला सुरुवात केली.