दुसरबीडचा लिफ्टर

दुसरबीडच्या बिलाल पिंजाऱ्याच्या गाद्या जालन्यापर्यंत जात. पण त्याचं नाव झालं ते व्हॉलीबॉलमुळे. तो लिफ्टर होता. टाळ्या मिळत त्या चेंडू मारणाऱ्यांना; तो कुणासाठी आणि किती उंच उचलायचा हे मात्र बिलाल ठरवी. देऊळगाव राजाच्या गजेंद्रसेठच्या संघातून तो अकरा वर्षं खेळला. सेठचं बियाण्याचं दुकान होतं आणि खेळाडूंच्या पाठीवर त्याच दुकानाचं नाव असे.

बीटी कपाशीचं बियाणं मिळवायला पहाटेपासून रांगा लागत, त्या सालांतली ही गोष्ट. बिलालचा शेजारी कडूबा याने सेठकडून चार पाकिटं आणली. बिलाल सोबत होता. पाकिटांवर कंपनीचं नाव नव्हतं, पावतीही मिळाली नाही. पुढे बीटीला लागायला नको त्या अळीने बोंडं पोखरली, तेव्हा कडूबाने तक्रार केली. चौकशीला कृषी खात्याचे साहेब आले. पंचनाम्यावर सही करायला गावात कुणी पुढे येईना. बिलालने पाहिलं तेवढं सांगितलं आणि सही केली.

त्या हिवाळ्यात संघाचा सराव सुरू झाला, पण त्याला निरोप आला नाही. तो आपणहून मैदानावर गेला, तर त्याच्या जागी नवा लिफ्टर उभा. सेठ रागावला नाही. "यंदा जरा आराम करा, बिलालभाई," एवढंच म्हणाला.

संघ काय एकच आहे, असं बिलालला वाटलं. हिवरा आश्रम या गावी सामने होते, बारा संघ येणार होते. पिशवीत बूट घालून तो गेला. चिखलीवाल्यांनी वय विचारलं. पस्तीस ऐकून नकाराची मान हलवली; त्यांचा स्वतःचा लिफ्टर अडतीसचा होता. लोणारवाल्यांनी गुडघ्याची चौकशी केली. तिसऱ्या संघाचा कप्तान मात्र खरं बोलला.

"मारणारा कुठंबी बसते. लिफ्टर बदलला का साऱ्या संघाचा हात बदलते. अन् तुमच्यासारखा माणूस बाकावर बसवला, तर आमच्या लिफ्टरचा जीव थाऱ्यावर राहीन का?"

हे बिलालला पटलं. शेवटी तो मेहकरचे जुने पंच उकंडराव यांच्याकडे गेला. म्हातारा तोंडाचा फटकळ होता.

"काऊन फिरून राह्यला बे? तुह्या हातात खोट नाही. पण इथल्या बारापैकी नऊ संघायचे कपडे बियाण्याच्या दुकानायनं शिवले. त्यायले तुही सही ठाऊक हाये."

"मंग राह्यलेले तीन?"

"त्यायले पुढच्या साली कपडे पाह्यजेत."

बिलाल एकही सामना न बघता दुपारच्या एसटीने परतला. पुढची दोन वर्षं त्याने कुठल्याच संघाला विचारलं नाही. संध्याकाळी बसस्टँडमागच्या मोकळ्या जागेत जे कुणी येतील, ड्रायव्हर, हमाल, कॉलेजची मुलं, त्यांना तो चेंडू उचलून देई. त्यांना तो मारता येत नसे.

तिसऱ्या साली दसऱ्याच्या आधी गजेंद्रसेठ स्वतः बिलालच्या गाद्यांच्या दुकानात आला. नवा लिफ्टर नोकरीसाठी पुण्याला गेला होता.

"चला परत," सेठ म्हणाला. "फक्त एक कागद लिहून द्या. त्या पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही केली म्हून."

बिलाल कापूस चाचपत राहिला. मग त्याने विचारलं, "डावीकडून अजून अब्दुल गनीच मारते का?"

"हाव. चेंडू उशिरा येते म्हून बोंबलत असते."

बिलालला हसू आलं. आतल्या खोलीत त्याची बायको नसीमा खोळ शिवत होती. तिचं मशीन थांबलं. बिलालला जावंसं फार वाटत होतं, हे ती दोघंही जाणून होती.

"वाचून केली होती सेठ," तो म्हणाला. "दोनदा वाचून."

सेठ उठला, चपला घालून गेला. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं.

कडूबाची तक्रार जिल्ह्याला गेली, तिचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. सेठचा संघ त्या साली दुसऱ्याच फेरीत हरला. बिलालला संघ मिळाला नाही तो नाहीच. पण त्या उन्हाळ्यात एका रविवारी अब्दुल गनी मोटरसायकलवरून बसस्टँडमागे आला. सेठचा संघ त्याने सोडला नव्हता, सोडणारही नव्हता. त्याने बूट बांधले, डावीकडे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एक उंच दे."