आईचा नैवेद्य आणि माझा ढकलगाडा

गवत कापायच्या मशीनवर बसवून आईला देवाला नेणारा मी आमच्या हिर्डोशीतला पहिला माणूस आहे. दुसरा अजून कोणी झालेला नाही.

आईचं माहेर वरच्या वाडीत. यात्रेच्या दिवशी तिथल्या भैरोबाला माहेरवाशिणींनी नैवेद्य न्यायचा, आणि तोही मुक्यानं. घरातून डबा उचलला की देवापुढं पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि डबा हातातून सोडायचा नाही. आईनं लग्नापासून हे नेम चालत जाऊन पाळले. मग गुडघे गेले आणि तीन वर्षं नैवेद्य चुकला. यात्रा जवळ आली की ती अंगणात बसून त्या चढाकडे बघत राहायची. मला ते बघवत नसे.

"जीपनं पाठवू की," ही म्हणाली. (ही म्हणजे माझी बायको.)

"यात्रंच्या जीपमंदी मांडीवर माणसं बसत्यात," आई म्हणाली. "डबा कुठं धरू?"

मोटारसायकलवर बसायचं तर धरायला एक हात मोकळा लागतो, आणि गुडघा दुमडावा लागतो. मी छाती पुढं काढून म्हणालो, "आये, म्या नेतो तुला. काळजी करू नगंस!" आईची काळजी तिथं संपली. माझी सुरू झाली.

मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. सायकलच्या मागं दोन चाकांचा गाडा, गाड्यावर इंजिन, आणि तो गाडाच सायकलला पुढं ढकलतो! माणूस नुसता हँडल धरून हसत होता. भोरच्या बाजारातून मी जुनी चाकं आणली, सांगाडा वेल्डिंग करून घेतला आणि घरच्या गवत कापायच्या मशीनचं इंजिन काढून त्यावर बसवलं. (बांधावरचं गवत त्या वर्षी कमरेएवढं वाढलं. हा विषय घरात अजून निघतो.) आईसाठी प्लास्टिकची खुर्ची बांधली. वेगाची तार हँडलपर्यंत नेली. इंजिन बंद करायचं लाल बटण मात्र मागंच राहिलं, खुर्चीच्या बुडाशी. वायर कमी पडली!

"आन् चालता चालता बंद करायचं झालं तर?" हिनं विचारलं.

"तशी येळच येनार न्हाई," मी म्हणालो, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डोळा लागला की मी आईला ओढ्यात पाडायचो. सकाळी उठून सगळे नट पुन्हा आवळायचो.

यात्रेच्या सकाळी आईनं गाड्याची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दृष्ट लागू नये म्हणून इंजिनाला लिंबू-मिरचीही बांधली. मग खुर्चीत बसून डबा दोन्ही हातांत घेतला आणि तोंड मिटलं.

चढ तर आम्ही असा चढलो की चालणारे लोक वळून बघायला लागले. मला जरासं हसूसुद्धा आलं, व्हिडिओतल्या माणसासारखं! तेवढ्यात एक खड्डा आला. मी वेग सोडला. इंजिनानं सोडला नाही!

ब्रेक दाबला तर सायकल थांबायला बघे आणि गाडा मागून ढुसण्या देई. समोर देऊळ, आणि देवळापुढं रस्ता सरळ खाली ओढ्यात! माझंच स्वप्न! "भैरोबा, मला ने, पण आईला वाचीव!" असं मोठ्यानं म्हणत मी हँडल वळवलं आणि देवळाच्या पटांगणात शिरलो. थांबता येईना, म्हणून देवळाभोवती फिरायला लागलो.

"परदक्षिना घालतोय रं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "आईसाठी नवस बोलला असंल!"

"नवस न्हाई! गाडा थांबंना!" मी.

"थांबू बी नगंस! पुरं कर!" देवळाचा गुरव ओरडला. ढोलवाल्यांनी माझ्या वेगाला ताल धरला. म्हाताऱ्या बाया हात जोडायला लागल्या.

मी मागं बघत किंचाळलो, "आये, लाल बटन दाब! पायापाशी हाय! पायानंच दाब!" आईनं ठाम 'नाही' अशी मान हलवली. डोळ्यांनी मात्र ती मला इंजिनाकडं काहीतरी दाखवत होती. मला वाटलं, भीतीनं बिचारीचे डोळे फिरले. मला रडू यायला लागलं.

"गुरवकाका, डबा घ्या वो तिच्या हातातनं!"

गुरव धोतर सावरत आमच्या बरोबरीनं पळाला, दारासमोर आल्यावर त्यानं डबा अलगद उचलला आणि तसाच धावत देवापुढं नेऊन ठेवला. एक थेंब सांडला नाही. आईनं जाता जाता हात जोडले, डोळे मिटून नमस्कार केला. मग वाकली आणि एका बोटानं बटण दाबलं.

गाडा थांबला. मी सायकलवरून उतरलो, म्हणजे पडलो.

"लिंबू आडाकलंय तिथं," आई म्हणाली. खड्ड्यात उडालेलं लिंबू वेगाच्या दांडीत घट्ट रुतून बसलं होतं. "कवाधरनं दावतीया तुला."

"मग पायानं बटन का न्हाई दाबलंस?"

"सकाळीच पूजा केलीया त्याची," आई म्हणाली. "पाय कसा लावू?"

तिचं तोंड तीन वर्षांत पाहिलं नव्हतं एवढं फुललं होतं. "तीन वरसाच्या राहिलेल्या परदक्षिना एका दमात झाल्या बघ," ती गुरवाला सांगत होती.

परतीसाठी मी खुर्ची पुसायला लागलो, तर ती रिकाम्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसलेली!

"आता डबा न्हाई," ती म्हणाली. "आता जीप चालती."

मग मला जवळ बोलावून तिनं ते चेपलेलं लिंबू मिरच्यांसकट माझ्या शर्टाच्या गुंडीला बांधलं. "मशीनला कायबी झालं न्हाई. दृष्ट तुलाच लागलीया."

हिर्डोशीपर्यंत तो गाडा मी हातानं ढकलत आणला, छातीवर लिंबू-मिरची लटकवून. वाटेत सगळं गाव भेटलं. एकाचीही दृष्ट लागली नाही.