मुळं उघडी ठेवायचे दिवस

मोगरा छाटायचा तो थंडी सरता सरता, संक्रांत मागे पडली की. हे मला कुणी शिकवलं नाही. नाशिकरोडच्या आमच्या घराला पुढे अंगण होतं, तिथे हात काळे करून मीच शिकले. आधी पाणी तोडायचं. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडतात, येणारा-जाणारा ‘अहो, गेलं की तुमचं झाड’ म्हणून हळहळतो. त्याला हळहळू द्यायचं. मग उरलीसुरली पानं ओरबाडून काढायची, फांद्या गुडघ्याएवढ्या राखून बाकी सगळं छाटायचं, बुंध्याभोवतीची माती खुरप्याने ओढून मुळं उघडी करायची आणि आठ-दहा दिवस उन्हात तशीच ठेवायची. त्यानंतर शेणखत, माती आणि भरपूर पाणी. ज्याला हे करताना दया येते त्याने मोगरा लावू नये, कागदाची फुलं आणून फुलदाणीत ठेवावीत.

त्याच दिवसांत अंगणातली बाकीची कामंही निघायची. शेवंती फुलून गेलेली असायची. तिचे वाळके दांडे कापून बुडाशी फुटलेली पिल्लं वेगळी लावायची. झेंडूची सुकी बोंडं चुरून बी फडक्यात बांधायचं. कुंपणावरचा वालाचा वेल ओढून काढायचा, गुलाबांची आळी मोकळी करायची. थंडीभर बाग आपल्याला फुलं दाखवते, थंडी सरली की आपल्याला राबवते. मला राबायला आवडायचं.

मी सांगतेय ते सत्तरीचं दशक संपत आलेलं असतानाचं. आदल्या पावसाळ्यात माझा नवरा गेला. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होता, त्याच्या जागी मला तिथेच कारकुनी मिळाली. मूलबाळ नव्हतं. घर आमचं स्वतःचं, दोन खोल्यांचं. दिवसकार्याला गावाहून आलेल्या सासूबाई सोबत म्हणून माझ्याकडेच राहिल्या होत्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. त्याही विधवा, फार जुन्या. बोलणं तुटक, पण घरात मुंगी चालली तरी त्यांना कळायचं.

थोरले दीर निफाडकडच्या आमच्या गावी असत. द्राक्षाची बाग त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती, आणि मला तिचं कौतुकच होतं. पण आमच्या घराण्यात थोरला दीर भावजयीशी सरळ बोलत नाही. मी पदर सावरून दाराआड उभी, ते ओसरीवर, आणि मध्ये आत्याबाई. सगळ्यांना सगळं ऐकू येत असायचं, तरी प्रत्येक वाक्य आत्याबाईंच्या मार्गेच यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना हाक मारायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

संक्रांतीच्या आधी ते आले आणि चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “आई, तिला सांग, नोकरीचं हे लय झालं. यंदाचा माल निघाला की घर भाड्यानं देऊ. तुम्ही दोघी गावाला चला.” मग अंगणाकडे मान वळवली. “आणि तो दारातला मोगरा उपटून टाक म्हणाव. आता बरं दिसत नाय. बाया बोलतात.”

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “ऐकलं का?”

“ऐकलं.”

“तो म्हणतो तसं करावं बाई. मोठा हाय.”

एका झाडापुरतं असतं तर कदाचित उपटलंही असतं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज मोगरा गेला असता, उद्या नोकरी, परवा घराला कुलूप, आणि मग जन्मभर गावच्या चुलीपुढे बसून ‘तिला सांग’ ऐकत राहायचं. मला ते नको होतं. मी दुःखात होते, पण दुःखात असलेल्या बाईचं डोकं चालत नाही असं या लोकांना का वाटतं, हे मला अजून समजलेलं नाही.

संक्रांत उलटल्यावरच्या रविवारी मी मोगरा छाटायला घेतला. हळदीकुंकवाचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या बायका काठापदराची पातळं नेसून, हातात वाणाची पिशवी घेऊन माझ्या कुंपणावरून या घरातून त्या घरात चालल्या होत्या. मला बोलावणं नव्हतं, ते नसणारच होतं. पण कुंपणाशी आल्या की त्यांचा आवाज खाली जायचा, आणि ते माझ्याने सहन होईना. गेल्या उन्हाळ्यात याच बायका ओंजळी भरभरून कळ्या घेऊन जात. तेव्हा माझ्या मोगऱ्याला नवरा होता. मी कात्री मुद्दाम मोठ्याने वाजवत बसले. रडू आलं, नाही असं नाही, पण राग जास्त आला, आणि रागात छाटणी चांगली होते. संध्याकाळपर्यंत मोगऱ्याचे नुसते खुंट राहिले. पुढच्या दोन दिवसांत मी मुळंही उघडी केली.

त्याच आठवड्यात द्राक्षाच्या खोक्यांसाठी दीर नाशिकरोडला आले आणि उभ्या उभ्या घरी डोकावले. फाटकातच थबकले. बोडके खुंट, वर आलेली मुळं, बाजूला फांद्यांचा ढीग. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“आई, तिला सांग, शहाणपणा केला. खोडं वाळली की बंबात घालायला होतील.”

मी थक्क झाले. हा माणूस दर एप्रिलमध्ये आपल्या बागेची खरडछाटणी स्वतः उभा राहून करून घेतो. हिरव्यागार वेलींची लाकडं करून टाकतो आणि मग महिनाभर त्यांच्या फुटींची वाट पाहतो. कुठली काडी मेलेली आणि कुठली जिवंत, हे तो रस्त्यावरून सांगेल. आणि त्याला माझा मोगरा मेलेला दिसला. विधवेच्या दारात झाड छाटलेलं असू शकतं, हे त्याच्या मनातच येईना. मी गप्प राहिले. खोटं बोलले नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं.

आत्याबाईंनी एकदा मुळांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “जा आता,” त्या मुलाला म्हणाल्या, “ऊन व्हतंय.”

मला वाटलं, त्यांनाही झाड मेलेलंच दिसलं. पुढे ऑफिसात कामाची घाई निघाली, मी अंधार पडल्यावर घरी येऊ लागले आणि मुळं झाकायची राहून गेली. एके दिवशी सकाळी डबा भरत होते तर आत्याबाई अंगणातून म्हणाल्या, “आज माती ओढून घे. मुळं करपतील. किती दिस उघडी ठेवशील?”

बाहेर येऊन पाहते तर घमेलंभर कुजकं शेणखत. गल्लीमागच्या गोठ्यावरून त्या स्वतः घेऊन आल्या होत्या.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी काय आंधळी हाय?”

“मग त्यांना का नाही सांगितलं?”

“त्यानं मला इचारलं कुठं?” आत्याबाई घमेलं माझ्याकडे सरकवत म्हणाल्या. “मला म्हणला, तिला सांग. सांगितलं तुला.”

त्या दिवशी मला कामावर जायला उशीर झाला. खत घातलं, माती ओढली, आळं काठोकाठ भरलं. होळीच्या आधी खुंटांवर तांबूस फूट आली. बघता बघता झाड पोपटी झालं आणि पाडव्याच्या सुमारास कळ्यांनी लगडलं.

गजरा पहिल्यांदा माळला तेव्हा आरशासमोर दोनदा काढून ठेवला, हे लपवण्यात अर्थ नाही. दोरा आत्याबाईंनी दिला होता; त्यांनी स्वतः मात्र एका फुलाला हात लावला नाही. एकलहऱ्याच्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर कुजबुज झाली. पहिल्या दिवशी मान ताठ ठेवून ठेवून दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी कमी दुखली. आठवडाभरात लोकांना दुसरा विषय मिळाला. लोकांचं बोलणं म्हणतात ते एवढंच असतं, आणि त्याच्यासाठी मी झाड उपटायचं होतं.

एप्रिलमध्ये दीर द्राक्षाची शेवटची पेटी खांद्यावर घेऊन आले. मी कामावर निघाले होते, अंगणातच समोरासमोर गाठ पडली. त्यांनी मोगरा पाहिला, मग माझं डोकं पाहिलं. पेटी ओसरीवर जरा जोरातच टेकली.

“आई, हे काय हाय? तिला सांग...”

“तूच सांग,” आत्याबाई म्हणाल्या. “समोर उभी हाय ती. कान शाबूत हाएत तिचे.”

मी पदर खांद्यावरून घेतला, डोक्यावर नाही.

“भाऊजी, खरडछाटणी झाली का?”

बागेचं विचारल्यावर त्यांना राहवलं नाही. “चालू हाय,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

“छाटलेली वेल कुणी उपटून टाकतं का?”

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, उलट तो खाली आला.

“म्हणजे तू काय गावाला येत नाहीस.”

“नाही येत.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणून झालं त्यांचं.”

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता आईला म्हणतील, चल, तू तरी चल. घर, नोकरी, मोगरा, हे सगळं मी एकटीने राखलं असतं. पण तिन्हीसांजेला कुलूप उघडून अंधारात शिरायची मला भीती वाटत होती, आणि ती मी कुणाला बोलले नव्हते.

ते फाटकाकडे वळले, तशी आत्याबाईंनी ओसरीवरूनच हाक मारली.

“माझी जाड गोधडी तिकडंच राहिलीय. पुढल्या खेपेला येताना घेऊन ये.”

बाहेर ऊन भाजून काढत होतं. भर एप्रिलात गोधडी मागणाऱ्या बाईला पुढची थंडी कुठे काढायचीय, हे न कळण्याएवढे दीर खुळे नव्हते. ते फाटक ओढून घेऊन गेले. गोधडी त्यांनी कधीच आणली नाही. दिवाळीच्या आधी आम्ही दोघींनी बसून नवी शिवली.