सहा तारांपैकी एक

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट फिरते आहे. माझ्या सुनेच्या भावाने सख्ख्या बहिणीला जुनी केबल नवी म्हणून घातली, त्यामुळे तिचं महागडं मशीन जळालं आणि हातातलं काम गेलं, अशी ती गोष्ट. लग्नात, बारशाला, पंगतीत मी ती निरनिराळ्या तोंडून ऐकली आणि दर वेळी ताटाकडे बघत जेवत राहिलो. ती गोष्ट खोटी आहे. केबल मी बिघडवली. जिथे जिथे ती गोष्ट पोचली, तिथे हेही पोचावं म्हणून लिहितो आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत वायरिंग हार्नेसच्या लाइनवर होतो. गाडीच्या अंगभर फिरणारा वायरींचा जो जुडगा असतो, तो आम्ही बनवायचो. प्रत्येक वायरीच्या टोकाला पितळेची छोटी पिन दाबून बसवायची आणि ती प्लगमध्ये सरकवायची. शेवटची काही वर्षं मी तपासणीला होतो. पिन सैल लागली की बारीक चिमट्याने तिचा गळा आवळायचा आणि परत बसवायची. हे मी इतक्या वेळा केलं असेल की निवृत्तीनंतरही बोटं आपोआप तशी वळायची.

चिखलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सून घरातूनच काम करते. बिल्डरांच्या न बांधलेल्या इमारती ती संगणकावर उभ्या करून दाखवते. झाडं, बाल्कनी, पोहण्याचा तलाव, सगळं. त्यासाठी तिच्या भावाने तिला एक मशीन जोडून दिलं होतं. तो काळेवाडीत खोली घेऊन राहायचा, चाकणला शिफ्ट करायचा आणि सुटीच्या दिवशी लोकांचे संगणक जोडून द्यायचा. लग्न व्हायचं होतं. आमच्याकडे आला की आधी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडायचा, मग बसायचा.

एका उन्हाळ्यात ते मशीन मोठ्या कामाला लावलं की पडदा काळा व्हायला लागला. पंखे जोरात घोंघावत राहायचे, चित्र गायब. रविवारी भाऊ आला. त्याने बाजूची काच काढली, काम चालू केलं आणि ग्राफिक्स कार्डाला जाणाऱ्या केबलच्या एकेका वायरीभोवती क्लॅम्प मीटरचा जबडा अडकवून प्रवाह मोजला. ते कार्ड एकटंच घरातल्या मिक्सरइतकी वीज खातं. ती वीज सहा तारांमधून येते आणि कार्डात शिरताच सहाही एक होतात. सहांनी सारखं ओझं उचलावं अशी अपेक्षा. मीटरवर दोन तारा जवळजवळ रिकाम्या होत्या आणि बाकीच्या चार त्यांचं ओझं वाहत होत्या.

"काचेमुळे केबल प्लगपाशीच वाकलीये," तो म्हणाला. "पिना सैल पडल्यात. अख्खी केबल बदलायची. मी मागवतो, पुढच्या रविवारी घालतो. तोवर ताई, मी कार्डाची ताकद कमी करून ठेवतो. काम हळू होईल, पण होईल."

मी मागेच उभा होतो. म्हणालो, "अरे, बदलायची कशाला? त्या दोन पिना आवळून घे. आम्ही लाइनवर हेच करायचो."

"काका, तुम्ही इंडिकेटरच्या वायरी केल्या. तिथं प्रत्येक वायरीचं आपापलं काम. इथं सहाजणी मिळून एकच हंडा उचलतायत. एकीलाच धडधाकट केलं तर सगळा हंडा तिच्याच डोक्यावर येईल."

"म्हणजे बाबांची नोकरी इंडिकेटरची?" माझा मुलगा हसत म्हणाला. बायकोही हसली. "आणि हॉर्नची," भाऊ म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. तो मला नेहमीच चिडवायचा आणि मी त्याला. पण त्या दिवशी ते मला लागलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी सून बँकेत गेली होती, बायको झोपली होती. मशीन बंद होतं. मी माझा जुना चिमटा काढला, प्लग ओढून काढला आणि त्या दोन तारांपैकी एकीची पिन बाहेर घेतली. खरंच सैल होती. गळा आवळला, परत सरकवली, ओढून पाहिली. घट्ट. दुसरी पिन काही केल्या निघेना, म्हणून ती तशीच सोडली. प्लग जागेवर बसवला. मशीन चालू करून माझ्या साध्या मीटरवर व्होल्टेज पाहिलं, बरोबर बारा. प्रवाह मोजायचा मीटर माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी मी मोजला असता असं वाटत नाही. मला खात्री होती.

सुनेला एका बिल्डरचं काम शनिवारी द्यायचं होतं. हळू मशीनवर ते होईना, म्हणून तिने भीतभीत कार्डाची ताकद पुन्हा वाढवून पाहिली. पडदा काळा झाला नाही. "रविवारी त्याने केबल हलवली ना, त्यानेच जमलं बघा," ती खूश होऊन म्हणाली. रविवारी केबल घेऊन तो येईल तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. मी खोलीत पोचलो तोवर सुनेने भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. प्लग एका कोपऱ्यात वितळून कार्डाला चिकटला होता. कोपरा कुठला, ते मला न वाकताच कळलं.

कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं. तिथून उत्तर आलं की एका पिनेवर हत्याराच्या खुणा आहेत, वॉरंटी मिळणार नाही. बिल्डरने काम दुसऱ्याला दिलं आणि पुढची दोन कामंही. मुलाने हिशेब सरळ लावला: मशीन उघडणारा एकच माणूस.

नवी केबल मिळायला उशीर झाला; भाऊ ती घेऊन आला तेव्हा मुलाने त्याला दारातच गाठलं. "राव, कुणाची तरी काढलेली केबल स्वतःच्या ताईला घातलीस ना? पिना ठोकूनठाकून?"

"दाजी, मी पिन काढलीच नाही. नुसतं मोजलं."

"मग काय भुतांनी काढली?"

तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही मागंच उभे होता. तुम्ही तरी सांगा."

मी पेपर हातात धरून बसलो होतो. म्हणालो, "मी सगळा वेळ तिथे नव्हतो."

त्याने केबलचं खोकं चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि जिना उतरून गेला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पुढच्या हिवाळ्यात मला एक फोन आला. चाकणचा माणूस, माझ्याच कंपनीत दुसऱ्या शिफ्टला होता, घरची कांद्याची शेती. आम्ही वर्षानुवर्षं एकाच बसने गेलो होतो.

"राव, आमच्या पोरीसाठी स्थळ आलंय. तुमच्या सुनंचा भाऊ हाय म्हणं. कसं हाय पोरगं?"

"चांगला आहे. कष्टाळू आहे."

"ते व्हय. पर बहिणीच्या मशिनीत कायतरी खोट केली म्हणत्यात. खरं हाय का? तुमचा शब्द आमाला बास हाय."

तेव्हा घरात कुणी नव्हतं. सांगितलं असतं तर ऐकणारा तो एकटाच होता. मी म्हणालो, "जाऊ द्या हो. ती घरातली गोष्ट."

"समजलं राव," तो म्हणाला आणि फोन ठेवला. स्थळ मोडलं. ते कुणाच्या शब्दावर मोडलं, हे आमच्या घरात कुणालाच कळलं नाही.

पुढे काही महिन्यांनी सून आणि मी मटार सोलत बसलो होतो. तिच्या आईचा फोन येऊन गेला होता. भावाने लोकांचे संगणक जोडणं सोडलं, कुणाकडे जात नाही, लग्नाचं नाव काढू देत नाही, असं काहीबाही. सून शेंग मोडता मोडता खाली मान घालून म्हणाली, "बाबा, मला पहिल्यांदा वाटायचं, तो असं करणारच नाही. आता वाटतं, केलंही असेल. पैशाची ओढाताण होती तेव्हा त्याची."

पोरीने भावावरचा विश्वास माझ्यासमोर सोडून दिला होता. मी तिला सगळं सांगितलं. चिमटा, पिन, पेपर, फोन. क्रम चुकला तर मागे जाऊन परत सांगितलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तो दारात तुम्हाला विचारत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुमच्यावर विश्वास ठेवला मी." मग हात पुसले, आपल्या फोनवरून त्याला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

त्याने लगेच उचलला. "बोल ताई."

कित्येक महिन्यांनी ताईचा फोन आला म्हणून त्याचा आवाज हरखलेला होता. मला सांगावं लागलं की मी बोलतोय. मागे मशिनींचा आवाज येत होता. मी बोलत गेलो, तो ऐकत होता की नाही कळेना. संपल्यावर म्हणालो, "मी त्या चाकणच्या माणसालाही सांगतो."

"तिचं लग्न झालं, काका," तो म्हणाला. "ताईला द्या फोन."

मी तरी त्या माणसाला फोन केला. ऐकून तो म्हणाला, "तवा म्या तुमालाच विचारलं हुतं की." त्यापुढे आमचं बोलणं झालेलं नाही. मुलाला सांगितलं. तो काळेवाडीला मेव्हण्याचे पाय धरायला गेला. मेव्हण्याने ते धरू दिले नाहीत, पण चहा पाजला. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते.

भाऊ आता येतो. पहिल्या दोन खेपा तो खाली गेटपाशीच थांबला, सून डबा घेऊन उतरली आणि दोघं मोटरसायकलपाशी उभी राहून बोलली. मी खिडकीतून पाहिलं. वर ये म्हणून ती ओढत होती, तो मान हलवत होता. का, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेव्हापासून रविवारी जेवण झालं की मी बाहेर पडतो आणि रस्त्यापलीकडच्या बागेत बसतो. तो वर जातो. ओट्यावरचे डबे उघडतो की नाही, मला माहीत नाही. तो गेला की सून मिस्ड कॉल देते, मग मी घरी येतो.