दाराबाहेरचा आवाज माझाच होता

हे वाचून कोणी दाराला लिंबू-मिरची बांधायला निघणार असेल, तर त्यानं इथेच थांबावं. मी त्यासाठी लिहीत नाही. माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून गेलं आहे. बाबा बुवाबाजीविरुद्धच्या पुस्तिका छापून आणायचे, आई आणि मी त्यांच्या घड्या घालायचो. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या चौकात कोणी उतारा टाकला की बाबा त्यातला नारळ उचलून आणायचे आणि आई त्याची चटणी वाटायची. मी ती चटणी खाऊनच वाढलो... आजवर पोटदेखील दुखलं नाही.

तरी हे घडलं. माझ्या बाबतीत आणि माझी बायको पल्लवी हिच्या बाबतीत.

पल्लवी शाळेत चित्रकला शिकवते. कोल्हापूर पाहायचं हे तिचं जुनं वेड — तिथले जुने चित्रकार, त्यांची जलरंगातली कामं, सगळं. मे महिन्यात तिला सुट्टी होती, मी हिंगण्याच्या कंपनीतून कशीबशी चार दिवसांची रजा काढली आणि आम्ही गेलो. रंकाळ्याच्या जवळ एका गल्लीत, एका घराच्या माडीवर खोली मिळाली. नीट सांगतो, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे. माडीवर एकच खोली. तिच्या दारासमोर अरुंद गॅलरी, गॅलरीतून खाली अंगणात उतरणारा एकच जिना. खोलीची खिडकीही अंगणाकडेच. दाराला झरोका नाही, जाळी नाही, भिंग नाही.

घरमालकीण, सगळे तिला अक्का म्हणायचे, किल्ली देताना म्हणाली, "दुपारचं कुणी दार वाजवलं तर आतनं बोलू नगासा. आमच्यात घरचं माणूस अंगणातनंच हाक मारतंय. खिडकीतनं बघायचं, मगच उघडायचं."

मी लगेच पेटलो. म्हटलं, अक्का, असल्या नियमांवरच बाबा-बुवांची दुकानं चालतात.

"मी कुठं पैसं मागितलं वो?" ती म्हणाली आणि निघून गेली.

पल्लवी हसून हसून पलंगावर बसली. "झालं का भाषण? आता जेवाले चाल." पण आमचं ठरलं — कोणी दार वाजवलं तर आतून मुद्दाम बोलायचं. ती माझ्याइतकीच हट्टी आहे, आमचं लग्नच एका मोर्चात जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी रंग घेऊन बसली. मी तिच्यासाठी चपला आणायला बाहेर पडलो. सकाळी माप दिलं होतं, अंगठा जरा सैल करायला सांगितला होता. बाहेर लख्ख ऊन. नागपूरचा मे भोगून आलेल्या माणसाला ते ऊन सावलीसारखंच वाटत होतं, त्यामुळे उन्हानं डोकं फिरलं असेल ही शंका कृपया कोणी काढू नये. अक्का अंगणात जिन्याच्या पायरीला टेकून चटणीच्या मिरच्यांचे देठ काढत होती.

दुकानात चपला तयार होत्या, पण रंग जरा गडद वाटला. विचारावं म्हणून मी पल्लवीला फोन लावला.

तिनं उचलला आणि वैतागून म्हणाली, "दारात उभा राहून फोन काहून करून राहिला गा? उघडतो म्हटलं ना, हाताले रंग आहे."

मी हसलो. "मी दुकानात आहो, पल्लू."

तेवढ्यात मला फोनमधून टकटक ऐकू आली. मग आवाज.

"उघड ना वं पल्लू. माह्या हातात सामान आहे."

तो माझा आवाज होता. 'वं'वर मी जसा थोडा रेंगाळतो, तसाच रेंगाळला.

"उघडू नको," मी म्हणालो. "पल्लू, काही झालं तरी उघडू नको, मी येतो."

तिनं फोन कापला. परत लावला तर बंद.

चपला तिथेच टाकून मी पळालो. डोक्यात एकच गोष्ट — कडीवर तिचा हात. ती घाबरत नाही. घाबरल्यावर मुद्दाम दार उघडून बघणारी बाई आहे ती, आणि तसं वागायचं तिला मीच कौतुकानं सांगत आलो.

अंगणात अक्का तशीच बसलेली. "वर कोण गेलं?" मी विचारलं.

"कोण न्हाई. तुम्ही मघाशी गेलासा तवापास्नं मी हितंच हाय."

तिला ओलांडून मी वर गेलो. गॅलरी रिकामी. दार आतून बंद. मी दार वाजवलं.

"पल्लू, मी आहो."

आतून, अगदी दाराला लागून तिचा आवाज आला. "मघाशीही हेच म्हणत होता."

"फोन काहून बंद केला?"

"दोन्हीकडे तूच बोलत होता. मले खरा कोणता ते समजेना. म्हणून दोन्हीले बोलणं बंद केलं."

"मग विचार ना मले काही. जे फक्त मलेच माहीत आहे."

"विचारलं होतं."

"मग?"

"बरोबर सांगतलं त्यानं."

मी त्या दारासमोर उभा होतो आणि मी मीच आहे हे सांगायला माझ्याजवळ काहीही उरलं नव्हतं.

अक्का खालून ओरडली, "तिथं बोलत बसू नगासा. खाली या. अंगणात उभं ऱ्हावा, दिसू दे तिला."

या वेळी मी वाद घातला नाही. खाली आलो, उन्हात उभा राहिलो आणि हाक मारली. पल्लवी खिडकीत आली. गालाला निळा रंग लागलेला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा थोडा सैल पडला.

आणि मग ती एकदम मागे वळली. दाराकडे.

मला अंगणात काही ऐकू आलं नाही. अक्का उठली, मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं, आपण वर येत असल्याचं अंगणातूनच पल्लवीला ओरडून सांगितलं आणि जिना चढून गेली. थोड्या वेळानं पल्लवीला हाताला धरून खाली घेऊन आली. गॅलरीत कोणी नव्हतं, अक्का म्हणाली. त्याच संध्याकाळी आम्ही निघालो.

कोणी नकलाकार असेल? जिन्यात अक्का बसली होती. अक्काच सामील असेल? तिला आमच्याकडून काय मिळालं? खोलीचे उरलेले पैसेही तिनं परत केले. फोनमधला प्रतिध्वनी? मी ते शब्द बोललोच नव्हतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा उलटतपासणी केली आणि शेवटी म्हणाले, "कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही असं नसते." मलाही तेच वाटतं. कोणत्याही बुवानं हा अनुभव आपल्या गादीवर बसून सांगितला, तर मी त्याच्या दारात जाऊन पत्रकं वाटीन. पण कारण मला सापडलेलं नाही.

पल्लवीनं त्याला काय विचारलं होतं, ते ती सांगत नव्हती. परवा भाजी निवडता निवडता तिनं आपणहून विषय काढला. "मी विचारलं, लग्नाचं बोललो त्या दिवशी मी तुले सर्वात पहिले काय म्हटलं होतं?"

मी लगेच म्हणालो, "नोकरी सोडणार नाही म्हणून."

तिचे हात थांबले. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली, त्या खिडकीतून बघत होती तशी.

"ते मंग म्हटलं," ती म्हणाली. "पहिले जे म्हटलं ते तू विसरला. तो नाही विसरला."